येशूचा टोचलेला कान

शांतू, तुझं नाक मला सापडत नाही.

बाकीचं जमेल असं वाटायला लागतं आणि नाकाशी अडतं. नाक जरा कुठे बसलं की हनुवटी हातची जाते. सकाळपासून दुकानाच्या निम्म्या फळ्या लावून आत बसलोय, कोणी फ्रेम करायला आलं तर उद्या या म्हणून सांगतो. टेबलावर तुझ्याच पेन्सिली आहेत. रूथवहिनीनं डब्यासकट आणून दिल्या. सगळ्यांना तू ब्लेडनं लांबसडक टोक करून ठेवलेलं, त्यांना हात लावायचा धीर होत नव्हता. आता त्यातल्या बऱ्याच बोथट करून बसलोय आणि कागदावर जो माणूस उमटतो तो कधी पोस्टातल्या कारकुनासारखा दिसतो, कधी माझ्या मेहुण्यासारखा. तू काही येत नाहीस.

परवा रविवारी तुझ्या घरी स्मरणाची प्रार्थना आहे. वहिनी दुकानात आली होती, बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "भाऊजी, रविवारी समोर ठेवाले त्यायचं काहीतरी पाह्यजे न. फोटो त एकही नाई. तुमी काढा. तुमाले त्यायनंच शिकवलं." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ती गेल्यावर कागद घेतला, डोळे मिटले, आणि लक्षात आलं की तुझा चेहरा माझ्यापाशी नाही.

असं कसं होतं, सांग मला. तू गेलास त्याला महिनाही झाला नाही. तुझा आवाज आहे. तुझा खोकला आहे, चहा पिण्याआधीचा, उगीचच. स्टुलाच्या दांडीवर अडकवलेला पायाचा अंगठा आहे, त्यावर दुकानांच्या पाट्या रंगवताना उडालेला निळा ठिपका वाळून बसलाय. कागदावर फक्त करंगळी टेकवून तरंगत ठेवलेला तुझा हात तर मी आत्ता, या क्षणी काढून दाखवीन. पण चेहरा आठवायला गेलो की तो कडेनं विरघळत जातो. कालच्यापेक्षा आज कमी आठवला. उद्या आणखी कमी आठवेल, आणि मग एक दिवस माझ्याकडे नुसतं तुझं नाव उरेल. मला या गोष्टीची फार भीती वाटतेय.

तुझ्यावर रागही आलाय, तो आधी सांगून टाकतो. सबंध आर्वीत माणूस गेलं की लोक माझ्याकडे येतात. पासपोर्टाएवढा फोटो, कडा कुरतडलेला, कोणाच्या तरी पेटीच्या तळाशी सापडलेला. तो मी तुझ्याकडे द्यायचो आणि तू त्यावर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखून, मोठ्या कागदावर मोठ्या चौकटी आखून, एकेक खण भरत माणूस उभा करायचास. अल्लीपूरच्या त्या म्हातारीचा तर फोटोच नव्हता, तिच्या तीन लेकी समोर बसवल्यास आणि तिघींमधून त्यांची माय काढलीस. त्या पोरी कागदाकडे बघून रडल्या. आणि स्वतःचं काय ठेवलंस? काही नाही. लग्नातला एक फोटो होता, तो ओलीनं काचेला चिकटला. मी बजावून ठेवलं होतं की हात लावू नकोस, माझ्याकडे आण. तू मला न सांगता पाण्यात भिजवून सोडवायला गेलास. वहिनी कागदावर राहिली, तू काचेला चिकटून सोलून निघालास. वरून हसत मला दाखवायला आणलास. "बरं झालं न बे, रूथ त वाचली."

कितीदा म्हटलं, चल स्टुडिओत, चौकात तर आहे. तुझं एकच, "मी तिथं जाऊन बसलो त इथं काढन कोण?" जसं काही एका फोटोत तुझा महिना जाणार होता.

तू गेलास त्या वेळचंही बोलायचं आहे. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते तेव्हा मी तुला पाहून गेलो. तू खाटेवर पडल्या पडल्या म्हणालास, "जाऊन ये नागपूरले. काच आणाले उशीर नको करू. मी काही पळून नाई जाऊन राह्यलो." मी गेलो. दुसऱ्या दिवशी काचेचा खोका एसटीत मांडीशी धरून परत आलो आणि स्टँडवर उतरलो तर चहावाल्यानं माझ्या हातातून खोका काढून घेतला. म्हणाला, "भाऊ, पेंटर गेला. नेलं त्याले." मी चपला हातात घेऊन धावलो. कबरस्तानात पोचलो तेव्हा पेटी बंद झाली होती आणि सुतार शेवटचा खिळा मारत होता. खिळा तिरपा चालला होता, मला आवाजावरून कळलं. आयुष्यभर खिळे मीच मारले, शांतू, देवांच्या मागे, माणसांच्या मागे. तुझ्यावरचे दुसऱ्यानं मारले आणि तिरपे मारले. मी म्हणालो, एकदा उघडा. पाळकबाबांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "वामनभाऊ, उन्हाळा आहे. कालपासून ठेवलं होतं. नका पाहू." मी ऐकलं. का ऐकलं ते मला माहीत नाही. भांडायला हवं होतं. इतर वेळी कशावरूनही भांडतो मी.

तुझ्या पद्धतीनंच काढतोय, ते तरी मान. शिशाची टोकं काचकागदावर घासून भुकटी केली. आधी काठ काढला नाही. तू पहिल्याच दिवशी माझ्या हातावर पट्टी मारली होतीस, आठवतं? मी हौसेनं गोल चेहरा आखला आणि तू म्हणालास, "चेहऱ्याले काठ नसते, वामन्या. काठ फ्रेमले असते, ते तुह्यं काम. डोळे अर्धे मिट. सावली कुठं पडली ते पाह्य. सावली भरत जाय, माणूस आपल्या मनानं बाहेर येते." तेच करतोय. डोळे अर्धे मिटतो आणि सावलीच दिसत नाही. सावली पडायला समोर माणूस लागतो.

भुकटी कागदावर घासायला कापूसही हवा होता. हंगामात दुकानापुढून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जायच्या तेव्हा तू चालत्या गाडीतून पुंजका ओढायचास आणि गाडीवान शिव्या द्यायचा. त्यांच्या शिव्या खाऊनच तुझी चित्रं गुळगुळीत व्हायची. आता गाड्या संपल्या. मी घरातली उशी उसवली. बायको बघत होती.

प्रार्थनाघरातला येशू तू अशाच चोरीच्या कापसानं केलास. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी. पत्र्याच्या छपराखाली कॅलेंडरातून कापून लावलेला एक येशू होता, उन्हानं त्याचे गाल पार पांढरे पडले होते. उत्तम शुक्रवारच्या आधी नवीन चित्र हवं म्हणून मंडळीनं तुला सांगितलं. रंग आणूया असं कोणीतरी म्हणालं तर पाळकबाबांनी थांबवलं. "क्रुसाचा दिवस आहे, शांतवन, दुःखाचा. काळं-पांढरं पुरे." तुला तेच हवं होतं. तू कागद माझ्या दुकानात आणलास, कारण तुमच्या घरी शेजारच्या पोरांची धावपळ आणि माझ्याकडे समोरून रस्त्याचा स्वच्छ उजेड. माझ्या डावीकडच्या स्टुलावर बसलास, मांडीवर हार्डबोर्ड ठेवलास. पुढं वर्षानुवर्षं ती तुझी जागाच झाली.

त्या कापसात एकदा चुकून सरकी राहिली. घासता घासता ती फुटली आणि येशूच्या कपाळाच्या कडेला तेलकट डाग पडला. त्यावर शिसं बसेना. मी म्हणालो, झालं, आता नवा कागद घे. तू बराच वेळ डागाकडे पाहत राहिलास आणि मग त्याच्या भोवतीनं सावली भरत गेलास. जिथं पेन्सिल चालत नव्हती तिथं उजेड झाला. अजूनही सगळ्यांना वाटतं की तो प्रकाश तू मुद्दाम पाडलास. तू मला म्हणालास, "उजेड काढता येत नाई गड्या. उजेड सोडाव लागते." त्या दिवशी मला ते फार मोठं वाक्य वाटलं नव्हतं. मी काचेचं माप घेत होतो.

मग आपली भांडणं झाली. आधी कानावरून. कॅलेंडरातल्या येशूचे केस दोन्हीकडून कानावर येतात. तू मान खाली घातलेला, जरा तिरपा येशू काढलास आणि केस मागं सारून त्याचा डावा कान सबंध उघडा ठेवलास. मी म्हणालो, "येशूचा कान कोणी पाह्यला हाय का बे?" तू म्हणालास, "सगळं गाव आपलं गाऱ्हाणं त्याच्यापाशी सांगते. मंग कान नको काय त्याले?" पाळकबाबांना हे उत्तर आवडलं. पण ते चष्मा लावून जवळ गेले तेव्हा त्यांना दिसलं की कानाच्या पाळीवर दोन बारीक ठिपके आहेत. एकाखाली एक.

"शांतवन, कान टोचलाय का हा?"

"कागदाचा दोष हाय, पाळकबाबा."

"मग खोडून टाक."

"खोडलं त कागद फाटते."

पाळकबाबांनी मानलं. मी नाही मानलं. पावाच्या तुकड्यानं माशीची विष्ठासुद्धा कागदावरून उचलणारा माणूस तू, तुझा कागद फाटतो होय? आणि ते ठिपके तू जीभ दातात धरून देताना मी पाहिलं होतं. पाळकबाबा गेल्यावर मी तुला धरलं. "तुमच्यात लेकराचे कान टोचत नाईत. मंग देवाचा काऊन टोचला? लोकं म्हणतीन, वामनच्या दुकानात बसून बसून पेंटर बाटला." तू इतका हसलास की स्टूल डुगडुगलं. मी म्हणालो, बरं टोचला तर टोचला, एक भोक पुरे होतं, दोन कशाला? सोनाराचा हात चुकला काय? डोळे पुसत म्हणालास, "हो. चुकला असन."

दुसरं भांडण तोंडावरून. मला त्या येशूचे ओठ पटले नाहीत, आजवर पटले नाहीत. घट्ट मिटलेले. श्वास कोंडून धरलेला. कपाळावर भुवयांच्या मधोमध एक उभी आठी. देवाच्या चेहऱ्यावर शांती पाहिजे, माझ्या दुकानात एवढे देव येतात, एकाच्याही कपाळाला आठी नसते. तू म्हणायचास, "काम करून राह्यला तो." मी विचारायचो, कोणतं काम? हात तर चित्रात नाहीतच. "हाय काहीतरी हातात. जपून करा लागते, असं." एवढ्यावर तू विषय संपवायचास. दर उत्तम शुक्रवारी मी ती फ्रेम पुसायला घ्यायचो आणि दर वेळी हे भांडण पहिल्यापासून व्हायचं. यंदाही झालं. यंदाचं अर्धंच राहिलं, कारण तुला मळमळायला लागलं आणि तू घरी गेलास.

आता माझ्या डोक्यात एक विचार आलाय आणि तो आल्यापासून मला जागेवर बसवत नाहीये. तू तो येशू कोणाला पाहून काढलास? समोर कोणी बसवलेलं नव्हतं. कॅलेंडरावरून तर काढलाच नाहीस. मग आरशात पाहून काढला असशील. घरी जाऊन, कोणाला न सांगता, स्वतःचंच तोंड पाहून. पेंटर लोक असं करतात, ऐकलंय मी. त्या दाढीखाली तू असशील. मी पाळकबाबांकडून किल्ली आणायला निघालोय.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं होतं. आज सोमवार आहे. पुढचं सांगतो.

काच पुसायची आहे म्हणून मी ती फ्रेम प्रार्थनाघरातून दुकानात आणली. मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, तुझा कागद बाहेर घेतला. इतक्या वर्षांनी तो माझ्या हाताला लागला. मग मी एका कागदाच्या पट्टीनं केस झाकले, अंगठ्यानं दाढी झाकली आणि मधल्या उरलेल्या चेहऱ्यात तुला शोधायला लागलो. कपाळ तुझं नव्हतं. पापण्या तुझ्या नव्हत्या. नाक पाहिलं, नाकासाठीच तर फ्रेम आणली होती, ते भलतंच होतं. पट्टी सरकवली, अंगठा सरकवला, कागद उजेडात धरला, उलटा धरला. माझ्या घशातून आवाज यायला लागला तेव्हा मला कळलं की मी रडतोय, आणि कागदावर पाणी पडू नये म्हणून मी मान मागं घेतली.

वहिनी नेमकी तेव्हाच आली. दारातूनच विचारलं, "काय शोधून राह्यले भाऊजी?"

"शांतूले."

ती आत आली. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा टेकली. तुझ्याच स्टुलावर.

"थे नाई सापडाचे त्यात. त्यात तुमी हाय."

मला वाटलं दुःखानं हिचं डोकं ठिकाणावर नाही. तिनं बोट त्या दोन ठिपक्यांवर ठेवलं. म्हणाली, "हा तुमचा कान हाय न. तुमाले मालूम नाई? पाळकबाबाले सोडून सगळ्या मंडळीले मालूम हाय. मी दर रविवारी पाह्यतो न, मले हसू येते."

मी विचारलं, मग त्यानं मला सांगितलं का नाही? इतकी वर्षं भांडलो आम्ही.

"मी म्हणलं होतं त्यायले, सांगून द्या. त म्हणे, सांगतलं त वामन्या हालते. मंग तसा नाई राह्यत तो."

ती गेल्यावर मी आरशाचे दोन तुकडे घेतले. आरसे विकतो मी, पण स्वतःचा कान पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एक तुकडा समोर उभा केला, दुसरा कानाच्या बाजूला धरला, कोन जमेना म्हणून बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं. मग दिसला. पाळीवर दोन बुजलेले ठिपके. एकाखाली एक.

घरी जाऊन बायकोला विचारलं, माझ्या कानाला दोन भोकं आहेत का गं? शकुन भाकरी थापत होती, तिनं वरही पाहिलं नाही. "पह्यलं पिकलं होतं, म्हणून दुसरं पाडलं. सासूबाईनं सांगतलं होतं मले, लग्न झालं तवाच. तुमी आता इचारता?"

शांतू, मी दुकानात परत गेलो आणि टेबलाशी उभा राहिलो. काच ठेवली. पट्टी ठेवली. हिरा हातात घेतला आणि काच कापायला वाकलो, आणि तसाच वाकून डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या आरशाच्या तुकड्यात पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. श्वास धरलेला. भुवयांच्या मधोमध उभी आठी. मी ज्या तोंडाशी इतकी वर्षं भांडत होतो ते माझंच होतं, हिरा काचेवरून ओढतानाचं. जपून करा लागते, असं.

तू म्हणायचास "हालू नको." मी काच कापायला वाकलो की दर वेळी डावीकडून तुझा आवाज यायचा. हालू नको बे, वामन्या. मला वाटायचं तुला काचेची काळजी. मी चिडून म्हणायचोही, "काच मी कापून राह्यलो, भेव तुले काऊन वाटते?" त्यावर नुसता तुझ्या पेन्सिलीचा खरखर आवाज यायचा.

तुला दुसरं कोणी मिळालं नाही का रे? त्या प्रार्थनाघरात म्हाताऱ्या बाया त्या कानात काय काय सांगत असतील. पोरांची दुखणी, नवऱ्यांच्या मारझोडी, पाण्यासाठीची रडगाणी. आणि तो कान माझा? जो गिऱ्हाइकाचं धड ऐकून घेत नाही, जो घाईत असला की विठोबालाही उलटा धरतो, ज्याचं निम्म्या गावाशी पटत नाही. मी दुकानात एकटाच मोठ्यानं तुला बोललो. शिव्याही दिल्या. तू असतास तर स्टूल डुगडुगलं असतं.

आणि मग मला दुसरी गोष्ट कळली, ती मला अजून गिळता येत नाही. तुझा चेहरा माझ्याकडे का नाही ते कळलं. तू डावीकडे बसायचास आणि माझे डोळे काचेवर असायचे. तू होतास, रोज होतास, म्हणून वळून पाहायची गरज कधी पडली नाही. माझ्या बायकोच्या खालोखाल मला सगळ्यात जास्त तूच पाहिलंस आणि त्यातलं सगळं भिंतीवर लावून ठेवलंस. माझ्याकडे तुझा खोकला आहे आणि अंगठा आहे. आता कुठे जाऊ मी तुझं नाक आणायला?

शनिवारी वहिनीला सांगून आलो की माझ्यानं होत नाही. ती म्हणाली, "राहू द्या. थेच आणा मंग, प्रार्थनाघरातलं. त्यायच्या हातचं त हाय."

म्हणून काल तुझ्या घरी खुर्चीवर तो येशू होता. खाली तुझा पेन्सिलींचा डबा. बोथट झालेल्या मी रात्री बसून पुन्हा टोक करून ठेवल्या होत्या, तुझ्यासारखं लांब जमलं नाही. ऊन मी म्हणत होतं, म्हणून मी डोक्याला दुपट्टा बांधून गेलो होतो, कान झाकून, जसे सगळेच बांधतात. आत गेल्यावर सगळ्यांनी सोडले. मी सोडला नाही. त्या चित्राच्या समोर तो कान घेऊन बसायची मला लाज वाटत होती. भिंतीला टेकून खाली मान घालून बसलो.

गाणी झाली. पाळकबाबांनी प्रार्थना सुरू केली. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, पाट्यांबद्दल, चित्रांबद्दल, तू मंडळीसाठी केलंस त्याबद्दल. मला त्यातलं निम्मं ऐकू येत नव्हतं. घाम कानामागून ओघळत होता. माझ्या डावीकडे सतरंजीवर जागा होती, तिथं कोणीतरी येऊन बसलं. वहिनी होती. ती पुढं झुकून कुजबुजली, प्रार्थना चालू असतानाच.

"दुपट्टा सोडा भाऊजी. त्यायले दिसू द्या."

मी हात मानेमागे नेले. गाठ सुटायला वेळ लागला. दुपट्टा मांडीवर आला तेव्हा पंख्याचा वारा कानाला लागला आणि समोर पाळकबाबांचा आवाज मध्येच थांबला. मी वर पाहिलं नाही, पण मला कळलं की त्यांनी चष्मा वर केलाय. आधी खुर्चीकडे पाहिलं असेल, मग माझ्याकडे. त्यांनी थांबलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि त्यांचा आवाज आता वेगळा येत होता.

माझी मान खालीच होती. ओठ मिटलेले होते, आपोआप. डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीवर आलं, ते पुसायला हात उचलावा असं वाटलं. डाव्या बाजूला वळून पाहावं असं तर इतकं वाटलं की मानेत कळ आली.

मी हललो नाही, शांतू.